सामाईक फोनवरचा अबोला

ज्या माणसाने एकदा ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळात सेल बदलला, त्याला यंत्रातलं सगळं कळतं असा ऑफिसात एक समज असतो. नेमके हे या समजाचे बळी होते.

नेमके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. 'नेमकं सांगायचं तर' असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे, म्हणून ऑफिसने ते त्यांना बहाल केलं होतं. वजनकाटे विकणाऱ्या आणि दुरुस्त करून देणाऱ्या त्या कंपनीत ते हेडक्लार्क होते. त्या धंद्यात नेमकेपणा हा गुणच. पण काटा अचूक असला म्हणून माणसं अचूक वागतात असं नाही, आणि फोन तर मुळीच नाही. ही गोष्ट त्यांना जरा उशिराच कळली.

सुरुवात मालकांनी केली. मालक कुठल्याशा मोठ्या कंपनीत जाऊन आले होते. तिथे एका टेबलावरचा फोन दुसऱ्याच टेबलावरच्या माणसाने बसल्या जागी उचलला, हे पाहून ते भारावून गेले होते. आल्या आल्या त्यांनी नेमक्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्याकडे फोन वाजतो आणि वाजतच राहतो," मालक म्हणाले. "ज्याचा फोन असतो तो जागेवर नसतो आणि जो जागेवर असतो तो म्हणतो, फोन माझा नाही. आता एका नंबरवर दोन टेबलं. दोन्हीकडे वाजेल, कोणीही उचला. सामाईक एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. तुम्ही बघा जरा."

"नेमकं सांगायचं तर साहेब, फोनमधलं मला काही..."

"घड्याळ तुम्हीच चालू केलं होतं ना?"

नेमके बाहेर आले, जागेवर बसले आणि पाण्याचा अख्खा ग्लास प्यायले.

त्यांच्या मागच्या टेबलावर, त्यांच्याकडे पाठ करून, बघूराव बसले होते. बघूराव स्टोअर सांभाळत. कोणी काहीही विचारलं, तरी 'बघू' हे त्यांचं पहिलं उत्तर असायचं आणि पुष्कळदा शेवटचंही. पूर्वी ही दोन टेबलं समोरासमोर होती. दोघं एका डब्यात जेवत, चारच्या चहाला एकत्र उठत आणि एकमेकांना अरेतुरे करत. मग ती खिडकी उघडली. वर्षअखेरीचे कागद नेमक्यांनी टेबलभर लावून ठेवले होते, बघूरावांना उकडत होतं, त्यांनी खिडकी उघडली आणि सगळे कागद खोलीभर झाले. नेमके गुडघ्यांवर बसून टेबलांखालून कागद गोळा करू लागले, आणि बघूराव हसले. गालातल्या गालात नव्हे, पोट धरून, सगळ्यांसमोर. वारा आला यात त्यांचा दोष नव्हता हे नेमक्यांनाही मान्य होतं. पण हसले, याला काय म्हणायचं? नेमके टेबलाखालून बाहेर आले आणि चारचौघांत म्हणाले, "असल्या माणसाच्या हाती स्टोअर दिलं कोणी?"

त्या दिवसापासून अबोला. बघूरावांनी आपलं टेबल फिरवून पाठ केली. अबोल्याचा कायदा सगळ्या जगात एकच आहे: जो आधी बोलेल तो हरला. दोघंही हरणाऱ्यांतले नव्हते.

बायकांचा मात्र अबोला नव्हता. त्यामुळे बघूरावांची बातमी नेमक्यांना स्वतःच्या घरी, ताटावर बसल्यावर कळायची.

"भावजींची बदली झाली म्हणे," बायको म्हणाली. "दूरच्या नव्या शाखेत. महिनाअखेरीला निघायचंय. वहिनी सामान बांधायला लागल्यात."

"मला काय त्याचं?" नेमके म्हणाले.

"तुम्हाला काहीच नाही. भात घेताय?"

भात त्यांनी घेतला नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला होता. माणूस असाच निघून गेला तर अबोला कायमचाच व्हायचा. तो मोडायला मग समोर कोणी असणारच नव्हतं. पण आधी बोलायचं म्हणजे गुडघ्यांवर बसून कागद वेचणारा तो आपण, आणि हसणारा तो बरोबर, असंच झालं की नाही?

शेजारच्या निवृत्त मास्तरांनी फोनचं ऐकलं आणि न विचारता सल्ला दिला. "आमच्याकडे असा एका लाइनवर दोन खोल्यांत फोन होता. एक सून बोलायची, दुसरी ऐकायची. वर्षाच्या आत दोन चुली झाल्या. तुम्ही तर ऑफिसात सहा जण." एवढं बोलून ते फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी नेमक्यांनी जोड्या लावायला घेतल्या. माणसं सहा. मालक, विक्रीवाला, टायपिस्टबाई, कॅशियर, बघूराव आणि ते स्वतः. लहान पोरालाही जमेल असं काम. कोणी कोणाबरोबर चालेल, एवढंच विचारायचं होतं, आणि तिथेच चुकलं. ऑफिसात माणसाला कधी असं विचारू नये.

विक्रीवाला म्हणाला, मी मालकांबरोबर. कारण विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाइकावर छाप पडते. मालकांनाही ते पटलं. कॅशियरबरोबर आपण मरेपर्यंत जाणार नाही, असं टायपिस्टबाईंनी जाहीर केलं. तो फोनवर सारखं काहीतरी चघळतो आणि तो आवाज कानात दिवसभर राहतो. म्हणून नेमक्यांनी बाईंना आपल्याकडे घेतलं आणि कॅशियरला बघूरावांकडे दिलं. स्वतःच्या चातुर्यावर ते खूश होते. बघूराव आणि आपण यांच्यामध्ये त्यांनी एक भिंतच घातली होती.

मग कॅशियर आला. "स्टोअरच्या फोनवर टेम्पोवाले ओरडत असतात. मी नोटा मोजताना कानाशी ओरडलं कोणी, तर जबाबदार कोण?"

नेमक्यांनी जोड्या खोडल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा खोडल्या. एकाची समजूत काढावी तर दुसरा फुगायचा. शेवटी टायपिस्टबाईच एकाएकी मऊ झाल्या. "जाऊ द्या, मी घेते कॅशियरला. चघळणं सोडणार असेल तर."

"सोडलं," कॅशियर म्हणाला.

"बघा, सुटलं कोडं," बाई म्हणाल्या आणि मशीनवर बोटं चालवता चालवता सहज पुढे म्हणाल्या, "म्हणजे आता तुम्ही दोघं उरलात."

नेमक्यांनी कागदाकडे पाहिलं. सगळ्यांना न्याय देणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेहमी उरलेलं येतं. मागच्या टेबलावरची खुर्ची करकरली.

फोनवाला आला तो घाईतच आला. हा गृहस्थ सतत कुठून तरी आलेला आणि कुठेतरी निघालेला असायचा, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. त्याने भिंतीवर एक पेटी ठोकली, सहा नवे फोन मांडले आणि उभ्या उभ्या समजावून सांगितलं. "दोन फोन, एक नंबर. वाजले की दोन्ही वाजणार. एकाने उचलला की दुसऱ्यावर लाल दिवा. दिवा असताना दुसऱ्याने उचलला की तिघं बोलणार. इथे होल्ड करा, तिथे घ्या. सोप्पं."

"नेमकं सांगायचं तर, दिवा असताना उचलायचा की नाही उचलायचा?"

"तुमच्यावर आहे."

"पण नियम काय?"

"नियम नाही हो. सेटिंगचा विषय आहे," असं म्हणून तो जिना उतरला.

पहिला अख्खा दिवस एकही फोन वाजला नाही. बाहेरून येणारी लाइनच बंद पडली होती. नेमके टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तक्रार फोनवरून नोंदवावी लागते. ज्या नंबरची तक्रार, त्याच नंबरवरून."

"पण तो नंबर बंद आहे. तीच तर तक्रार आहे."

"मग चालू झाला की करा."

"चालू झाल्यावर कशाची करू?"

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा माणूस मुद्दाम गोंधळ घालायलाच आला आहे. नेमक्यांनाही क्षणभर तसंच वाटलं. ते हात हलवत परत आले तेव्हा सगळे फोन जोरजोरात वाजत होते. लाइन आपोआप सुरू झाली होती. का, हे कोणालाच कळलं नाही.

आणि मग खरी धमाल सुरू झाली. नेमके आणि बघूराव यांचा फोन वाजला. पाठीला पाठ लावून दोघंही तो ऐकत बसले. आपण उचलायचा आणि तो निघायचा स्टोअरचा, म्हणजे त्यांना हाक मारावी लागणार, म्हणजे हरलो. हेच गणित पलीकडेही चाललं असणार. फोन वाजून वाजून थांबला. दुसऱ्यांदाही थांबला. तिसऱ्या वेळी मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, आणि दोघांनी एकदमच उचलला.

"हॅलो!" दोघं म्हणाले.

"दोन दोन माणसं?" पलीकडून एक जाड आवाज म्हणाला. ते भंगारवाले शेठ होते. त्यांचा भला मोठा काटा दुरुस्तीला आला होता. "माझा काटा कधी देताय? भंगार काय हाताने उचलून अंदाजाने विकू?"

"नेमकं सांगायचं तर शेठ, आमच्याकडून बिल तयार आहे. माल निघाला का, ते स्टोअरला विचारा."

"विचारा कशाला?" बघूरावांचा आवाज आला, एकाच वेळी मागून आणि कानातून. "माल केव्हाचा बांधून ठेवलाय. बिल इकडे आलं की निघेल, असं सांगा त्यांना शेठ."

"कोणाला सांगू?"

"जे बोलतायत त्यांना."

"अहो, ते ऐकतायत की!"

"तरी सांगा."

मग शेठनी प्रामाणिकपणे सांगितलं, "हे बघा, बिल इकडे द्या म्हणतायत ते." नेमक्यांनी बिल उचललं, न वळता हात मागे केला, आणि पलीकडून तसाच मागे आलेल्या हाताने ते घेतलं. काटा त्याच दिवशी निघाला.

झालं असं की ही पद्धत बसली. गिऱ्हाइकं येऊन जाऊन तीच. त्यांना समजून गेलं की या नंबरवर फोन केला की थोडा निरोप्याचा धंदा करावा लागतो. भंगारवाले शेठ तर त्यात रंगले. काटा मिळाल्यावरही ते काहीतरी निमित्त काढून फोन करायचे, आणि बिलाचं बोलणं संपलं की विचारायचे, "आणखी काही सांगायचंय का त्यांना?" एकदा नेमके म्हणाले, "खिडकी बंद करा म्हणावं, वारा येतोय." शेठनी सांगितलं. "बघू," असं उत्तर आलं. खिडकी बंद झाली. नेमक्यांना त्या दिवशी इतकं बरं वाटलं की घरी जाऊन त्यांनी बायकोला विनाकारण चहा करून दिला.

तिकडे विक्रीवाल्याचं घोडं मात्र पेंड खात होतं. एके दुपारी मालक बोलत असल्याने त्याच्या फोनवर लाल दिवा होता, आणि दिव्याचा अर्थ विसरून त्याने फोन उचलला. मालकीणबाई मालकांना झापत होत्या. विक्रीवाल्याने सवयीने "बोला, काय सेवा करू?" असं विचारलं. मालकीणबाईंना वाटलं, मालक टिंगल करतायत. पुढचं ऑफिसला मालकांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"माझा फोन वेगळा काढा," मालकांनी नेमक्यांना फर्मावलं. "आत्ताच्या आत्ता!"

फोनवाला आला, पेटी उघडली, काहीतरी दाबलं, आणखी काहीतरी दाबलं, पेटी मिटली. तेव्हापासून कोणीही फोन उचलला की सहाही फोनांवर लाल दिवे लागू लागले.

"हे असं का?" नेमक्यांनी जिन्यापर्यंत मागे जाऊन विचारलं.

"राहू द्या. सेटिंगचा विषय आहे," खालून उत्तर आलं.

दिव्यांचा अर्थ कोणाच्याच लक्षात येईना. फोन कुणाचा वाजतोय, बोलतंय कोण, ऐकतंय कोण, सगळाच आनंद. नेमक्यांनी 'दिवा असताना उचलू नये' असा नियम काढला, पण दिवा सतत असल्यामुळे कोणीच फोन उचलेना. मग त्यांनी तो मागे घेतला. मालकांसमोर ते मान खाली घालून जात येत होते.

अशात महिनाअखेर आली. बघूरावांचा शेवटचा दिवस. स्टोअरच्या चावीचा जुडगा टेबलावर ठेवून ते ड्रॉवर रिकामा करत होते. नेमके एकच बेरीज पुन्हा पुन्हा करत होते आणि ती दर वेळी वेगळी येत होती. बोलावं, असं त्यांना सकाळपासून वाटत होतं. मान वळवायची आणि एक शब्द काढायचा. पण मान वळेना.

दुपारी फोन वाजला. दोघांनी उचलला.

"मी बोलतोय, भंगारवाला," शेठ म्हणाले. "स्टोअरवाले आज चालले, असं कळलं. म्हटलं, काही निरोप असेल तर आजच सांगून घ्या."

दोघांनी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"काहीच नाही? बरं. मग माझं ऐका. मी आयुष्यभर गंजलेलं लोखंड विकत घेत आलो, पण तुमच्याइतकं गंजलेलं काही पाहिलं नाही. आता तुमचं तुम्ही बघा. मी ठेवतो."

शेठनी फोन ठेवला. लाइन मात्र तुटली नाही. फोनवाल्याच्या कृपेने ती उघडीच राहिली. नेमक्यांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. मागच्या टेबलावरही तो ठेवल्याचा आवाज झाला नाही. कानात कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

आधी बोलायचं नाही. पण फोनवर 'हॅलो' म्हणणं हे काही बोलणं नव्हे. ती तर नोकरीच.

"हॅलो," नेमके म्हणाले. "कोण बोलतंय?"

पलीकडून उत्तर आलं. "स्टोअर. आपण?"

"हेडऑफिस." घसा खाकरून त्यांनी विचारलं, "आपल्याकडचे एक गृहस्थ बदलून चाललेत, असं ऐकलं. तिकडे राहायची सोय वगैरे..."

"दोन खोल्या मिळाल्यात. बरी जागा आहे. खिडकी एकच आहे."

"एकच बरी."

दोघंही भिंतींकडे तोंड करून बसले होते.

"एक विचारायचं होतं," नेमके म्हणाले, आणि त्यांचा आवाज हेडऑफिसचा राहिला नाही. "त्या दिवशी माझ्यावर हसलास का रे?"

"तुझ्यावर?" पलीकडचा आवाजही बदलला. "तुझ्यावर कोण हसलं? तू टेबलाखाली होतास, तुला वरचं दिसलंच नाही. एक कागद उडत गेला तो थेट मालकांच्या टकलावर. घामाने चिकटला तिथे. आणि मालक तसेच उभे राहून मला टापटिपीवर भाषण देत होते. मी काय करणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सांगू दिलंस का? बाहेर आलास तो म्हणालास, असल्या माणसाच्या हाती स्टोअर कोणी दिलं. सगळ्यांसमोर. मला लागलं ते."

"हो. म्हणालो मी. चुकलं माझं."

हे ते आधी म्हणाले, की त्यांनी हरायला सुरुवात केव्हाच केली होती, याचा हिशेब त्यांना लागला नाही. कारण तेवढ्यात फोनमधून तिसराच आवाज आला.

"म्हणजे, मी कागद घेऊन तसाच घरी गेलो होतो त्या दिवशी?"

ते मालक होते.

"नाही साहेब," चौथा आवाज म्हणाला. तो टायपिस्टबाईंचा होता. "जिन्यातच पडला. मी पाहिलं ना."

मग फोनवर कोणीतरी चघळायचं थांबल्याचा आवाज आला. आता कुठे नेमक्यांना त्या सहा लाल दिव्यांचा अर्थ कळला. अख्खं ऑफिस कानाला फोन लावून बसलं होतं, केबिनच्या काचेतून मालकही तसेच दिसत होते. त्यांचा एक हात नकळत डोक्यावर गेलेला होता.

नेमक्यांना हसू आलं. ते आवरायला म्हणून त्यांनी तोंड फिरवलं, आणि फिरवलं ते नेमकं मागच्या टेबलाकडे. बघूरावही वळले होते. दोघं पोट धरून हसले, रिसीव्हर कानालाच होता. मालकांनी केबिनचं दार लावून घेतलं, तरी त्यांचं हसणं थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके एक पेटी उचलून बघूरावांबरोबर बसस्टँडवर गेले. वहिनी आणि बायको पुढे बोलत चालल्या होत्या. त्यांचं संपतच नव्हतं. या दोघांना मात्र समोरासमोर काय बोलावं ते सुचत नव्हतं. सवयच गेली होती. सामान टपावर चढलं. गाडी हलायच्या बेताला आली तेव्हा बघूरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पोचलो की फोन करतो."

"कर."

"कुठल्या नंबरवर करू? सगळेच एकमेकांत गेलेत."

"कुठल्याही कर. सगळ्यांकडे वाजतोच."

"वाजेल रे," बघूराव म्हणाले. "पण उचलणार कोण?"

कंडक्टरने घंटा मारली. नेमके गाडीबरोबर चार पावलं चालले, मग आवाज पोचावा म्हणून ओरडले, "मी उचलेन!"